खापरपणजी कुणबीण होती. तिचा शोध कोठे घ्यावा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घराणे पाच पिढ्यांपासून बडोद्यात आहे. माझी आजी सांगत असे की, माझ्या पणजोबांची आई मैनाबाई ही दांडिया बाजाराजवळच्या एका सरदारांच्या वाड्यात कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, होती. ती लहान असताना छप्पनच्या दुष्काळात मारवाडाकडून कोणी तरी तिला आणले आणि वाड्यात विकले. पुढे बाईसाहेबांनी तिला सोडले आणि वाड्यामागे राहायला एक खोली दिली. ‘घरच्यासारखीच वागवली’ असे आजी प्रत्येक वेळी म्हणायची. पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर जन्मसाल १८८० आहे. सरदारांचे आडनाव आम्हांला ठाऊक आहे. मैनाबाईविषयी कोठे काही लेखी सापडेल काय? घरातील काही मंडळींना हे उकरून काढू नये असे वाटते.
— एक वाचक, बाबाजीपुरा, वडोदरा

उत्तर : लेखी सापडण्याची शक्यता बरीच आहे, मात्र मैनाबाईच्या नावाने शोधू लागलात तर हाती काही लागणार नाही. विकत घेतलेल्या बाईच्या नावाचे दप्तर कोणी ठेवत नसे. दप्तर असे ते तिच्या मालकाचे, आणि त्यात ती खर्चाच्या बाजूला उतरलेली असे. म्हणून मैनाबाईचा शोध हा पहिल्याने त्या सरदार घराण्याचा शोध आहे, आणि आपल्याला आडनाव ठाऊक आहे ही फार मोठी सोय आहे. या प्रकारच्या चौकशीत बहुतेकांचे घोडे तेथेच अडते.

त्याआधी काळ ठरवून घ्यावा लागेल, कारण आजींनी सांगितलेला दुष्काळ जुळत नाही. गुजराती मुलखात ‘छप्पनियो’ म्हणतात तो संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. तेव्हा आपले पणजोबा विशीत होते; त्यांची आई त्या साली लहान मुलगी म्हणून विकली जाणे शक्य नाही. छप्पनियो इतका भीषण होता की नंतरच्या पिढ्यांच्या तोंडी आधीच्या सगळ्या दुष्काळांना तेच नाव चिकटले, आणि आपल्या घरातही तेच घडले असावे. छप्पन म्हणजे इसवी सन १८५६, खंडेराव महाराज गादीवर आले ते साल, असा अर्थ लावण्याचा मोह होईल. पण त्या काळी घरातल्या बायकांनी आठवणी इसवी सनात सांगितल्या असतील हे मला पटत नाही, आणि सोयीचा अर्थ हा बहुधा चुकीचा निघतो. पणजोबांचा जन्म १८८० चा असेल, तर त्यांची आई १८५५ ते १८६५ च्या दरम्यान जन्मलेली असावी. या हिशेबात चपखल बसतो तो १८६८-६९ चा राजपुतान्यातला दुष्काळ, गुजराती गणनेने संवत १९२५ चा. त्या वर्षी मारवाडातून माणसे आणि गुरे यांचे लोंढे गुजरात आणि माळव्याकडे आले. आजींच्या सांगण्यातले ‘मारवाड’ खरे धरले तर ‘छप्पन’ सोडून द्यावे लागते. हा अजून तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण कोणत्या वर्षांच्या वह्या उघडायच्या हे ठरवायला एवढा तर्क पुरतो.

या काळाचा कायद्याशीही संबंध आहे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील न्यायालयांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणे बंद केले, आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेच्या ३७० व्या कलमाने माणूस गुलाम म्हणून विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा ठरला. पण हे कायदे इंग्रजी हद्दीतले. बडोदे हे संस्थान. त्याचे कायदे वेगळे आणि त्याचा मुलूख खेडा, भडोच, सुरत या इंग्रजी जिल्ह्यांत असा गुंतलेला की एका गावात जो गुन्हा, तो शेजारच्या गावात रिवाज. त्यामुळे १८४३ साली गुलामगिरी संपली होती, मग १८६८ साली मुलगी विकली कशी जाईल, असे कोणी म्हणाले तर ते ऐकू नये. उलट बाजूने हेही लक्षात ठेवावे की इतक्या उशिराच्या काळातले खरेदीखत सापडण्याची आशा धरू नये. इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, रेसिडेंट साहेब, शहरात बसलेला असताना अशा व्यवहाराचा कागद कोण करणार? मुलगी ‘पाळायला घेतली’, ‘आश्रयास आली’, ‘लग्नात आंदण आली’ अशाच शब्दांनी असे व्यवहार झाकले जात. आंदणाचा मुद्दा किरकोळ समजू नये. मोठ्या घरच्या मुलीबरोबर सासरी दासी पाठवण्याची चाल होती. बाईसाहेबांनी मैनाबाईला सोडले अशी आठवण टिकली आहे, त्या अर्थी ती बाईसाहेबांच्या माहेराहून आलेली असू शकेल, आणि मग तिचा पहिला उल्लेख बडोद्यात नव्हे, तर दुसऱ्याच एखाद्या गावच्या घराण्याच्या आंदणयादीत असेल. बाईसाहेबांचे माहेर कोणते, हे त्या घराण्याच्या वंशजांना अवश्य विचारावे.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळू. संस्थानचे जुने दप्तर कोठीच्या परिसरात, राज्य दप्तरखान्याच्या बडोदे शाखेत आहे. हुजूर फडणिशीच्या, म्हणजे दरबारच्या हिशेब-कचेरीच्या, मोडी कागदांत सरदारांच्या नेमणुका, सरंजाम, वारसाची मंजुरी, नजराणा, जप्ती यांची प्रकरणे येतात. आपण सरदारांचे आडनाव आणि १८६५ ते १८८५ ही वर्षे देऊन त्या घराण्याची प्रकरणे मागावीत. सर्वांत मोलाची असते ती जप्तीची किंवा वारसाच्या तंट्याची फाइल. घराण्याचा कर्ता निपुत्रिक वारला, दत्तकाचा वाद झाला, की सरकारी कारकून वाड्यात जाऊन मोजदाद करीत: भांडी किती, घोडी किती, माणसे किती. एरवी जे नाव वाड्याच्या दरवाजाबाहेर येत नसे ते अशा यादीत येऊन बसते. घराणे सुखासमाधानाने नांदले असेल तर संशोधकाची पंचाईत होते. भांडण झाले तेथे कागद झाला.

दुसरा आणि अधिक घसघशीत साठा म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या वह्या: रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार वही), सालअखेरचे ताळेबंद. या घरी राहिल्या असतील, किंवा एखाद्या संस्थेला दिल्या गेल्या असतील. वंशजांकडे विचारणा करताना ‘आमच्या पूर्वजेला तुम्ही गुलाम केले होते, त्याचे कागद दाखवा’ असा सूर लावल्यास पेटी उघडणार नाही, हे सांगायला नकोच. पण खोटे बोलूनही विचारू नये.

रोजकीर्दीचे पान कसे असते ते थोडे तपशिलाने सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी धीर सुटणार नाही. लेखकाने पानभर आडव्या रेघा आधी ओढून घेतलेल्या असतात आणि अक्षरे त्या रेघांना लोंबकळत जातात; शब्द कोठे संपला हे डोळ्यांना कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाही. पानाच्या माथ्यावर सन आणि ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख व मुसलमानी महिना. खाली बाबवार खर्च: मुदपाकखाना, पागा, देवघर, धर्मादाय, आणि चाकरमाणसांची बाब, जिला बहुधा शागीर्दपेशा म्हटलेले असते. मैनाबाई सापडली तर येथे सापडेल. कुणबिणींना पगार नसे, त्यामुळे पगाराच्या पत्रकात त्या नसतात. त्यांच्या नावे निघते ते धान्य आणि कापड. सणाला किंवा वर्षाच्या ठरावीक वेळी लुगडी-चोळ्या वाटल्या की त्याची यादी होते, आणि तीत नावे येतात. ती नावे एकेरी आणि तुटक असतात: मैनी, राधी, सगुणी. बापाचे नाव नाही, गाव नाही, जात नाही. त्याच यादीत ब्राह्मण आचाऱ्याचे नाव वडिलांच्या नावासह आणि उपनामासह असते; हा फरक पाहिला की त्या घरात कोणाला काय किंमत होती ते वेगळे सांगावे लागत नाही. ‘मैनी’ या नावावर लगेच शिक्कामोर्तबही करू नये, कारण मैना हे दासींना वाड्यात आल्यावर ठेवण्याजोगे नाव आहे आणि एकाच घरात थोडक्या वर्षांच्या अंतराने दोन मैना असू शकतात. आई-बापांनी ठेवलेले तिचे नाव बहुधा या वह्यांत नसेलच.

एका पानावर समाधान मानू नये. ओळीने पुढच्या सालांच्या कापडाच्या याद्या उतरून घ्याव्यात. लहान मुलीला परकर किंवा छोटे लुगडे, पुढे मोठे लुगडे, पुढे बाळंतपणाचा खर्च, मग एकाएकी नाव गायब: अशा बदलांतून वय, मूल आणि सुटकेचे साल यांचा अदमास बांधता येतो. आपल्या पणजोबांचा जन्म १८८० च्या सुमाराचा असल्याने १८७९ ते १८८१ या सालांत सुईण, डिंक, खोबरे, गूळ असा खर्च ‘मैनी’च्या नावे पडला आहे काय, हे मी सर्वांत आधी पाहीन. त्या खर्चाची बाब कोणती आणि तो कोणाच्या हुकमाने पडला, यावरून आपल्या पणजोबांचे वडील कोण, या प्रश्नाला तोंड फुटू शकते. आपण तो प्रश्न पत्रात विचारलेला नाही. पण या कागदांत शिरल्यावर तो समोर येणारच, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांशी त्याविषयी आधीच बोलून ठेवलेले बरे.

सनांचा घोळ अनेकांना परत फिरवतो, म्हणून एक उदाहरण देतो. १८६८ च्या जूनपासून सुरू होणारे वर्ष शुहूर सनाने (मराठी दप्तरांत चालणाऱ्या अरबी सनाने) १२६९, आणि ते अंकांत न लिहिता ‘तिसा सितैन मयातैन व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिण्याची रीत होती: नऊ, साठ, दोनशे आणि हजार. शुहूर सनात ५९९ मिळवले की ज्या जूनमध्ये ते वर्ष सुरू झाले त्याचे इसवी साल मिळते. कागद जानेवारी ते मे यांतला असेल तर ६०० मिळवावे. शके असेल तर ७८, तोही चैत्रापासून. गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यामुळे १८६८ चा उन्हाळा संवत १९२४ मध्ये आणि थंडी १९२५ मध्ये पडते. कागदावर यांपैकी कोणताही सन असू शकतो, कधी दोन-दोनही असतात. मोडी स्वतः शिकावी असा माझा आग्रह आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था त्याचे वर्ग घेतात. मोडी जाणकाराला पैसे देऊन वाचून घेता येते, हे खरे. पण तो सरदारांच्या स्वाऱ्या आणि मानपान वाचील आणि लुगड्यांची यादी ‘किरकोळ खर्च’ म्हणून उलटून टाकील.

बडोद्यापुरती एक छापील नोंद अशी आहे जी आपण वाचलीच पाहिजे. मल्हारराव महाराजांच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींत, प्रतिष्ठित घरांतील विवाहित आणि अविवाहित स्त्रियांना धरून आणून राजवाड्यात लौंडी, म्हणजे गुलाम दासी, म्हणून ठेवल्याची तक्रार होती. हे कागद १८७५ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत छापले गेले आहेत. मैनाबाई त्यात नाही. ती राजवाड्यात नव्हती, आणि आयोगाला कळवळा होता तो धरून नेलेल्या ‘अब्रूदार’ स्त्रियांचा, मुळातच विकत आणलेल्या मुलींचा नव्हे. तरीही मैनाबाई दहा-पंधरा वर्षांची असताना याच शहरात ही चौकशी चालू होती, आणि लौंडी म्हणजे काय हे साक्षीदारांना समजावून सांगावे लागत नव्हते, एवढे त्यातून दिसते. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि त्याच्या परराष्ट्र खात्याच्या पुष्कळ फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. १८६८ ते १८७० या वर्षांत मुले पळवण्याच्या आणि विकण्याच्या तक्रारी आल्या होत्या काय, हे तेथे चाळून पाहावे. मुली कोण आणीत असे याची कल्पना यावी म्हणून जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली माळव्याविषयी लिहिलेले प्रकरण उपयोगी आहे. त्या प्रांतातली गुलामगिरी मुख्यतः स्त्रियांची होती, असे तो सांगतो, आणि मुली पळवून विकणाऱ्यांत बंजाऱ्यांची नावे घेतो. साहेबाने एखाद्या जमातीवर सरसकट ठेवलेला ठपका मात्र त्याच्या काळाचा म्हणून सोडून द्यावा. घेणारे वाडे नसते तर विकणारे कोणी नसते.

‘सोडली’ या शब्दात काय आहे, हेही तपासावे लागेल. पेशवाईच्या कागदांत कुणबीण सोडल्याचे हुकूम आढळतात. कोणी म्हातारी झाली म्हणून, कोणाच्या नातेवाइकांनी रक्कम भरली म्हणून. वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिश्यांतले उतारे छापील आहेत. मोडीच्या आधी ते वाचले तर या व्यवहाराची भाषा कानावर बसेल. पण खाजगी वाड्यातली सुटका बहुधा तोंडी असे, आणि सुटकेनंतरही ती बाई तेथेच, त्याच कामाला राही. वाड्यामागची खोली ही बक्षीस होती, की रात्री-अपरात्री हाक मारता यावी म्हणून केलेली सोय होती? ती खोली तिच्या हयातीपुरती होती की मुलाच्या नावे झाली, हे नगर भूमापनाच्या जुन्या नोंदींत आणि नोंदणी कार्यालयातील दस्तांत पाहता येईल. खोली मुलाच्या नावे झाली असेल तर देणाराने कारण लिहिलेले असेल, आणि ते कारण वाचण्यासारखे असेल. ‘घरच्यासारखी वागवली’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक अशा घरात ऐकले आहे. आजींना खोटे ठरवण्याचे कारण नाही. त्यांनी ते ऐकले तसे सांगितले. पण ते मालकाच्या घरातून आलेले वाक्य आहे की मैनाबाईच्या तोंडचे, हे कळेपर्यंत त्याला पुरावा मानू नये. घरच्या मुलीचे नाव कापडाच्या यादीत नोकरांखाली येत नाही.

शेवटी एक जागा, जिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. संस्थानच्या कडी प्रांतातले सिद्धपूर हे मातृगयेचे क्षेत्र. बिंदुसरोवरावर आईचे श्राद्ध करण्यासाठी लोक येतात, आणि तेथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यजमानाबरोबर आईचे आणि आजीचेही नाव उतरते. एरवी आपल्या वंशावळींत बाया म्हणजे पुसट जागा. येथे विधीच आईचा असल्याने तिला वगळता येत नाही. आपल्या पणजोबांनी आईसाठी मातृगया केली असेल, तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने तिचे नाव, आणि ठाऊक असल्यास गाव, उपाध्यायाला सांगितले असेल. मालकाच्या वहीतले नाव आणि मुलाने सांगितलेले नाव यांत फरक निघाला, तर मुलाने सांगितलेले आधी लिहावे. चोपड्या जात आणि गाव यांच्या हिशेबाने लावलेल्या असतात, तेव्हा पणजोबांच्या वेळचे आडनाव आणि जात जशी सांगितली जात असे तशी सांगावी. नर्मदाकाठच्या चाणोदलाही विचारावे. आजोबांचा शाळेचा दाखला मिळाला तर ठेवून द्यावा. संस्थानभर १९०६ पासून शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे तो मिळायला हरकत नाही, पण मैनाबाईपर्यंत तो नेणार नाही. जनगणनेच्या मागे लागू नये. बडोद्याची पहिली गणना १८७२ ची असली तरी छापले गेले ते आकडे, माणसांची नावे नव्हेत.

उकरून काढू नये असे ज्यांना वाटते त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. त्यांना फक्त एवढे विचारावे की मैनाबाईने यात लाज वाटण्यासारखे काय केले होते.

प्रश्न : आमच्या पूर्वजांकडे रावपुऱ्यात वाडा होता. वाडा गेला, पण मोडी वह्यांची एक पेटी माझ्याकडे आहे. एका जाणकाराने त्यांतील काही पाने वाचली, तेव्हा कुणबिणींच्या नावांची यादी निघाली. काका म्हणतात, ही पाने वेगळी काढून बाकीचे दप्तर एखाद्या संस्थेला द्यावे, म्हणजे घराण्याचे नाव राहील. आपले मत काय?
— एक वाचिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर : पाने वेगळी काढू नयेत. हे मत नीतीचे आहेच, पण दप्तराच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे. रोजकीर्दीत शिल्लक एका पानावरून पुढच्या पानावर ओढलेली असते; मधले पान गेले की बेरीज तुटते, आणि ते गेले आहे हे पहिल्या वाचणाऱ्याच्याच ध्यानात येते. मग ‘काय काढले असेल’ याचा जो तर्क सुरू होतो, तो यादीपेक्षा अधिक बदनामीकारक असतो. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथल्या मोठ्या घराण्यांत कुणबिणी असत, ही जगजाहीर गोष्ट आहे. आपल्या घरात त्या होत्या याने इतिहास हादरणार नाही. पण त्या यादीतल्या एखाद्या नावाचे वंशज याच शहरात असतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते एकमेव पान असेल. याच अंकातले पहिले पत्र वाचावे.

पेटी देण्याआधी पुढील काळजी घ्यावी. वह्यांची शिवण उसवू नये, पानांना प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. रुमालात बांधलेले कागद ज्या क्रमाने बांधले आहेत त्याच क्रमाने ठेवावेत. तो क्रम कारकुनाने विचार करून लावलेला असतो. प्रत्येक पानाचे, कोऱ्या पानाचेसुद्धा, उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्यावे, आणि नंतरच पेटी द्यावी. संस्थेला देताना लिहून घ्यावे की कोणाही वाचकाला, विशेषतः या घराण्याच्या चाकरीत असलेल्यांच्या वंशजांना, ही पाने पाहू द्यावीत. नावांची यादी स्वतंत्र करून ठेवलीत तर उत्तमच: नाव, साल, पान, आणि त्या नावापुढे काय दिले. यादीला मथळा काय द्यावा, असा प्रश्न पडेल. वहीत ‘कुणबिणी’ असेल तर ‘कुणबिणी’च लिहावे, ‘सेविका’, ‘परिचारिका’ असे गोंडस शब्द घालू नयेत. आणि काकांना असे सुचवून पाहावे की घराण्याचे नाव राहायचे असेल, तर ते पूर्ण दप्तर देणारे घराणे म्हणूनही राहू शकते.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तेथे गुलाम पूर्वजांचा शोध डीएनए तपासणीने लावतात, असे ती सांगते. आमच्या घरातही आईच्या बाजूला अशीच एक कथा आहे. तपासणी करून घ्यावी काय?
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : अमेरिकेत ती तपासणी कागदांना जोड म्हणून चालते, कागदांवाचून नव्हे. तेथेही कागदांची रड आहेच: १८५० आणि १८६० च्या गणनांत गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या, त्यांत नाव मालकाचे, आणि गुलामाचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेली बहुसंख्य माणसे नावानिशी गणनेत आली ती १८७० साली. त्यामुळे तेथले वंशजही शेवटी मालकाची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि हिशेब यांकडेच वळतात, आणि बाबाजीपुऱ्याच्या वाचकांना वर सांगितले ते काही वेगळे नाही. डीएनएमुळे त्यांना दूरचे नातेवाईक सापडतात, कारण लक्षावधी लोकांनी आपापले नमुने दिलेले आहेत. आपल्याकडच्या लोकांचे नमुने त्या संग्रहांत फार थोडे आहेत. मारवाडातील ज्या खेड्यातून एखादी मुलगी आणली गेली तेथल्या कोणी नमुना दिलेला असणे कठीण.

आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियल डीएनए पुढे फक्त मुलींमार्फत जातो. आपली कथा आईच्या बाजूची आहे, म्हणून आधी हे पाहावे की ती पूर्वजा ते आपण या वाटेत मध्ये एखादा पुरुष येतो काय. आईची आई, तिची आई अशी सलग बायांची ओळ असेल, तर तो डीएनए आपल्यापर्यंत आलेला आहे. मध्ये कोणाचे वडील आले की ओळ तेथेच तुटली. पहिल्या पत्रातील मैनाबाईचा तो डीएनए तिच्या मुलापाशी थांबला, खापरपणतूपर्यंत आला नाही. ओळ सलग असली तरी त्यातून कळते ते हजारो वर्षांमागचे मूळ, गाव नव्हे. साधी, सर्व गुणसूत्रांची तपासणी केली तर खापरपणजीचा वाटा सरासरी सोळावा हिस्सा असतो, आणि तो कोणता सोळावा हे ओळखायला जवळचा नातेवाईक त्या संग्रहात असावा लागतो.

पूर्वजा आफ्रिकेतून आणलेली होती असे घरात बोलले जात असेल, तर गोष्ट वेगळी. गुजरातच्या किनाऱ्यावर हबशी गुलाम येत, बडोद्यात अरब शिबंदी होती, आणि रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्याला मानणारा सिद्दी समाज आजही आहे. असे मूळ तपासणीत बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, चार-पाच पिढ्यांनंतरसुद्धा. तशी कथा नसेल, तर ते पैसे मोडीच्या वर्गाला द्यावेत. तपासणी करायचीच असेल, तर घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीचा नमुना आधी घ्यावा, कारण पूर्वजेचा अंश तिच्यात आपल्यापेक्षा अधिक असतो. आणि त्या व्यक्तीला निकाल काय येऊ शकतो हे समजावून, तिची लेखी संमती घेऊन मगच घ्यावा.